आज्ञा जुनी, आज्ञाधारक नवा

संगणकाची आज्ञावली एकदां बिनचूक लिहिली म्हणजे ती कायमची बिनचूक राहते, अशी पुष्कळांची समजूत असते. लोखंडास गंज चढतो, लाकडास वाळवी लागते, कापडास कसर लागते. पण अक्षरांस काय होणार, असें त्यांस वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. आज्ञावलींतील एक अक्षरहि कोणीं न बदलतां ती एके दिवशीं मोडून पडूं शकते. कारण ती दुसऱ्या कित्येक साधनांकडून काम करून घेत असते, आणि त्या साधनांचे कर्ते त्यांत मधून मधून सुधारणा करीत असतात. हें कसें घडतें, आणि घडल्यावर दुरुस्ती कोणत्या रीतीनें करावी, हें एका खऱ्या उदाहरणावरून विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण अगदीं लहान आहे. सर्व घोटाळा एका अधिक-चिन्हावरून झाला.

प्रथम ‘बांधणी’ म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या धंद्यांतील मंडळी तिला ‘बिल्ड’ म्हणतात, आणि ‘बिल्ड फेल झाला’ हे शब्द ज्यांचीं मुलें पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत कामास आहेत, अशा पुष्कळ घरांतून ऐकूं येतात. माणूस जो प्रोग्राम लिहितो तो माणसास वाचतां येण्याजोगा मजकूर असतो. त्यास सोर्स कोड असें नांव आहे. त्या मजकुराचें यंत्रास कळणाऱ्या अंकांत रूपांतर करणें, निरनिराळे तुकडे जोडणें, तयार झालेल्या फाईली योग्य त्या फोल्डरांत नेऊन ठेवणें, त्यांतील अनावश्यक भाग छाटून टाकणें, व शेवटीं सर्वांचें एक गाठोडें बांधणें, इतकीं कामें एकामागून एक व्हावीं लागतात. तीं रोज हातानें करीत बसणें शक्य नसतें. म्हणून त्यांची यादी एका फाईलींत लिहून ठेवितात, व ‘मेक’ नांवाचें एक साधन ती ठरल्या क्रमानें पार पाडतें. हें मेक अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ मध्यें तयार केलें, आणि आजहि तें वापरांत आहे.

मेकचा स्वभाव कडक आहे. ज्या साधनास काम सांगावें तें काम संपतांना एक अंक मागें ठेवून जातें. शून्य म्हणजे काम यथास्थित झालें. शून्याहून निराळा कोणताहि अंक म्हणजे बिघडलें. (आपल्या परीक्षांत शून्याची जी योग्यता असते, तिच्या हें अगदीं उलट!) असा निराळा अंक हातीं आला कीं, मेक जागच्या जागीं थांबतें आणि पुढील कामास हात लावीत नाहीं. यासच बांधणी मोडली असें म्हणावयाचें.

या यादींत ज्याचें नांव वारंवार येतें, असें एक जुनें साधन म्हणजे ‘फाईंड’. युनिक्स नांवाची जी संगणकप्रणाली बेल प्रयोगशाळेंतच निघाली, तिच्यांत फाईंडचा जन्म १९७० नंतरच्या दशकांत झाला. आज लिनक्सवर जें फाईंड सामान्यतः असतें, तें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पांत नव्यानें लिहिलेलें असून, ‘फाईंडयुटिल्स’ नांवाच्या संचांतून मिळतें. डिस्कवरील फाईली एखाद्या वटवृक्षाप्रमाणें पसरलेल्या असतात. फोल्डरांत फोल्डर, त्यांत आणखी फोल्डर. फाईंड या वृक्षाच्या फांदी-फांदीवर जाऊन येतें, आणि आपण सांगितलेल्या खुणेची फाईल दिसली कीं तिचें नांव कळवितें. खूण अनेक प्रकारची असूं शकते: नांव, आकार, वय, अथवा परवानगी. परवानगीची खूण सांगावयाची असल्यास आज्ञेंत ‘-पर्म’ हा शब्द घालावा लागतो. आपली सारी हकीकत या ‘-पर्म’च्या पोटांत आहे. येथें आज्ञा देवनागरींत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात, हें ध्यानांत असावें.

आतां परवानगी म्हणजे काय? लिनक्सवर प्रत्येक फाईलीच्या बाबतींत तीन प्रकारच्या लोकांचा विचार केलेला असतो: फाईलीचा मालक, फाईलीस नेमून दिलेल्या गटांतील मंडळी, आणि बाकीचे सर्व. प्रत्येकास तीन हक्क देतां येतात: वाचणें, लिहिणें आणि चालविणें. चालविणें याचा अर्थ ती फाईल प्रोग्राम म्हणून सुरू करणें. वाचण्याचे गुण ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १, असे धरून प्रत्येकाची बेरीज करितात आणि तीन बेरजा शेजारीं शेजारीं मांडतात. मालकास सर्व हक्क म्हणजे ४ + २ + १ = ७; गटास वाचणें व चालविणें म्हणजे ५; इतरांसहि तेंच, म्हणजे ५. या फाईलीची परवानगी झाली ७५५. साध्या टिपणाची फाईल बहुधा ६४४ असते. ती सर्वांस वाचतां येते, पण प्रोग्राम म्हणून कोणासहि चालवितां येत नाहीं. १, २ आणि ४ यांच्या बेरजेनें ० पासून ७ पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच रीतीनें बनते, हें गणिताची आवड असणाऱ्यांनीं पडताळून पाहावें. म्हणूनच ५ हा आंकडा पाहिला कीं, तेथें ४ व १ हेच हक्क आहेत, हें निःसंशय सांगतां येतें.

१११ ही संख्या घ्या. तिचा अर्थ, तिघांनाहि चालविण्याचा हक्क, दुसरा कोणताच नाहीं. फाईंडला या संख्येविषयीं तीन निरनिराळे प्रश्न विचारतां येतात. ‘-पर्म १११’ असें नुसतें लिहिलें, तर जिची परवानगी नेमकी १११ आहे तीच फाईल सांपडते. अशी फाईल व्यवहारांत क्वचित् आढळते. ‘-पर्म -१११’ असें उणे-चिन्ह लावून लिहिलें, तर हे तिन्ही हक्क जिच्यांत आहेत, मग इतर हक्क असोत वा नसोत, अशी प्रत्येक फाईल सांपडते. तिसरा प्रश्न असा कीं, तिघांपैकीं निदान एकास तरी चालविण्याचा हक्क आहे काय? ग्नूच्या फाईंडमध्यें हा प्रश्न पूर्वीं अधिक-चिन्हानें विचारीत असत: ‘-पर्म +१११’. बांधणीच्या कामांत हा तिसरा प्रश्नच सर्वांत उपयोगी. कारण तयार झालेल्या ढिगांतून प्रोग्राम कोणते, हें त्यानें एका दमांत कळतें.

मग असें सोईचें चिन्ह काढून कां टाकिलें? कारण त्या चिन्हावर दुसऱ्या एका अर्थाचाहि हक्क होता. परवानगी अंकांत न लिहितां अक्षरांतहि लिहितां येते: ‘यू’ म्हणजे मालक, ‘जी’ म्हणजे गट, ‘ओ’ म्हणजे इतर, ‘ए’ म्हणजे सर्व, आणि चालविण्याच्या हक्कास ‘एक्स’. ‘यू+एक्स’ याचा अर्थ मालकास चालविण्याचा हक्क मिळवावा. कोणास हें न सांगतां नुसतें ‘+एक्स’ लिहिलें तरी चालतें. निरनिराळ्या कंपन्यांच्या युनिक्समध्यें एकवाक्यता असावी म्हणून पॉसिक्स नांवाचें जें प्रमाण ठरविण्यांत आलें, त्यांत ‘-पर्म’च्या पुढें अशी अक्षरी परवानगीहि लिहितां येते. तेव्हां ‘-पर्म +एक्स’ या आज्ञेंतील अधिक-चिन्हाचा अर्थ कोणता करावयाचा? ‘निदान एकास तरी’ हा ग्नूचा अर्थ, कीं ‘हा हक्क मिळवून जी परवानगी होते, नेमकी तीच’ हा प्रमाणाचा अर्थ?

आपल्या मराठींत ‘परवां’ हा शब्द असाच दुतोंडी आहे. ‘परवां मामा आले’ आणि ‘परवां मामा येणार’ या दोन परवांत चार दिवसांचें अंतर आहे. पण क्रियापद जवळ असल्यामुळें आपला गोंधळ होत नाहीं. कोणीं चिठ्ठींत क्रियापद गाळून ‘मामा परवां’ एवढेंच लिहून धाडलें, तर स्टेशनावर कोणास पाठवावें कीं नाहीं, हें घरच्यांस कळणार नाहीं. ‘-पर्म +एक्स’ ही अशीच क्रियापद नसलेली चिठ्ठी होती. माणूस निदान विचारणा तरी करील. यंत्र एक अर्थ धरून चालूं लागतें.

फाईंडच्या कर्त्यांनीं यावर तोड काढिली. ‘निदान एक’ या अर्थासाठीं त्यांनीं तिरकी रेघ योजिली: ‘-पर्म /१११’. अधिक-चिन्ह २००५ पासून कालबाह्य ठरलें व तसें मॅन्युअलांत नमूद झालें. पण तें लगेच बंद केलें नाहीं. १९५७ मध्यें आपल्या देशांत दशमान नाणीं आलीं, तेव्हां आणे आणि नये पैसे कांहीं काळ बाजारांत बरोबरच फिरत होते. तशांतलाच हा प्रकार. पुढें ४.५.१२ या प्रायोगिक आवृत्तींत अधिक-चिन्ह काढून टाकण्यांत आलें, आणि डिसेंबर २०१५ मध्यें ४.६.० ही सर्वांसाठींची आवृत्ति प्रसिद्ध झाल्यावर तो बदल ठिकठिकाणच्या लिनक्सवर पोंचूं लागला. दहा वर्षांची मुदत कांहीं थोडी नव्हे, आणि फाईंडच्या कर्त्यांस दोष देणें मला न्यायाचें वाटत नाहीं. परंतु जी आज्ञा नीट चालत आहे, तिचें मॅन्युअल उघडून कोण पाहतो? घड्याळ बरोबर वेळ दाखवीत असतां त्याचें झांकण काढण्याची आठवण कोणास होत नाहीं.

आतां मोडतोड कशी झाली तें पाहूं. बांधणीच्या शेवटीं ‘स्ट्रिप’ नांवाचें एक साधन वापरतात. चुका शोधण्यापुरतीं जीं नांवें व खुणा प्रोग्रामांत घातलेलीं असतात, तीं हें साधन छाटून टाकतें. त्यामुळें फाईलींचा आकार पुष्कळ कमी होतो. कोणकोणत्या फाईली स्ट्रिपकडे धाडावयाच्या, हें फाईंड सांगतें. जुनी आज्ञा अशी असे:

फाईंड . -टाईप एफ -पर्म +१११

टिंब म्हणजे येथूनच सुरुवात कर, व ‘-टाईप एफ’ म्हणजे फोल्डर नको, फाईलच पाहिजे. नवें फाईंड यास उत्तर देतें: ‘फाईंड: इन्व्हॅलिड मोड +१११’, अर्थात् अशी परवानगी मी मान्य करीत नाहीं. तें शून्येतर अंक मागें ठेवून निघून जातें, मेक थांबतें, आणि काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेली बांधणी आज सकाळीं बंद! प्रोग्राम लिहिणारा आपला मजकूर पुन्हां पुन्हां तपासतो. त्यांत कांहींच बदललेलें नसतें. बदललेलें असतें तें फाईंड, आणि तेंहि पुष्कळदां इतर शंभर साधनांबरोबर आपोआप अद्ययावत् झालेलें, त्यामुळें त्याच्याकडे कोणाचें लक्ष गेलेलें नसतें.

ही तऱ्हा त्यांतल्या त्यांत बरी, कारण तक्रार स्पष्ट आहे व ती योग्य तोंडांतून निघाली आहे. सर्वदा असें होत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं फाईंडचें उत्तर सरळ दुसऱ्या साधनाच्या हातीं देण्याची पद्धति असते. यास पाईप, म्हणजे नळ, असें म्हणतात. फाईंडनें दिलेलीं नांवें या नळांतून ‘एक्सआर्ग्ज’ नांवाच्या हमालाकडे येतात, आणि तो तीं स्ट्रिपपुढें नेऊन टाकतो. अशा नळाच्या बाबतींत सामान्यतः शेवटच्या साधनाचाच अंक विचारांत घेतला जातो. फाईंड बिघडलें व त्यानें एकहि नांव दिलें नाहीं. पण ग्नूचा एक्सआर्ग्ज मोठा कर्तव्यतत्पर हमाल आहे. ओझें मिळालें नाहीं तरी तो स्ट्रिपच्या दारीं जाऊन एकदां हांक मारतोच. मग स्ट्रिप म्हणतें, फाईल कोठें आहे? आणि तें आपल्या वापराची लांबलचक माहिती पडद्यावर छापून बिघाडाचा अंक ठेवितें. पाहणाऱ्याची दृष्टि साहजिकच त्या शेवटच्या मजकुरावर जाते, व तो स्ट्रिपचा दोष शोधीत बसतो. खरा दोष कित्येक ओळी वर, एका ओळींत लिहिलेला असतो. म्हणून बांधणी मोडली असतां पडद्याच्या तळाशीं न पाहतां वर जात जात पहिली तक्रार गांठावी. आजारी माणसाच्या घरीं शेवटीं आलेला पाहुणा रोगाचें कारण नसतो!

तिसरी तऱ्हा मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यांत तक्रारच होत नाहीं. अधिक-चिन्हापुढें अंक असेल तर नवें फाईंड ती आज्ञा नाकारतें, हें वर आलेंच. परंतु चिन्हापुढें अक्षर असेल, म्हणजे ‘-पर्म +एक्स’ किंवा ‘-पर्म +यू+एक्स’ असें लिहिलेलें असेल, तर तें प्रमाणाप्रमाणें शुद्ध ठरतें आणि त्याचा अर्थ ‘नेमकी १११’ असा होतो. वर सांगितल्याप्रमाणें अशी फाईल सहसा नसतेच. फाईंड सगळा वृक्ष पालथा घालतें, एकहि नांव देत नाहीं, आणि मागें ठेवितें शून्य, म्हणजे काम यथास्थित झालें. पुढें ज्याला नांवें द्यावयाचीं त्यालाहि काम उरत नाहीं. बांधणी पुरी होते. फक्त गाठोडें पूर्वींपेक्षां जड होतें, आणि तें कां झालें हें कोणास उमगत नाहीं.

गाठोडें जड झालें तर फारसें बिघडत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण हेंच अधिक-चिन्ह बांधणीबाहेर, संगणकाच्या राखणीच्या कामांतहि वापरीत असत. लिनक्सवर कांहीं प्रोग्राम असे असतात कीं, ते कोणींहि चालविले तरी मालकाच्या अधिकारानें चालतात. उदाहरणार्थ, आपला संकेतशब्द बदलण्याचा ‘पासवर्ड’ प्रोग्राम. संकेतशब्दांची गुप्त नोंद सामान्य माणसास उघडतां येत नाहीं. तरी स्वतःचा संकेतशब्द बदलण्यापुरता अधिकार त्यास हवा असतो, आणि तो या प्रोग्रामाच्या द्वारें त्यास मिळतो. ही युक्ति युनिक्सच्या जनकांपैकीं एक डेनिस रिची यांची. तिचें पेटंट १९७९ मध्यें मंजूर झालें. मालकाच्या अधिकाराची खूण ४०००, गटाच्या अधिकाराची २०००. युक्ति जितकी उपयोगी तितकीच धोक्याची. कारण एखाद्या लबाडानें असा प्रोग्राम गुपचूप ठेवून दिला, तर घराची किल्लीच त्याच्या हातीं गेली. म्हणून सावध व्यवस्थापक असल्या प्रोग्रामांची यादी वेळोवेळीं काढून पाहतो. ती काढण्याची जुनी आज्ञा होती:

फाईंड / -टाईप एफ -पर्म +६०००

येथें ४००० आणि २००० मिळून ६०००, आणि या दोहोंपैकीं निदान एक खूण असलेली प्रत्येक फाईल दाखीव, असा तिचा अर्थ. सर्व डिस्क फिरतांना फाईंडला कित्येक बंद फोल्डर लागतात, व त्या प्रत्येकाबद्दल तें कुरकुर करतें. ती कुरकुर नको म्हणून बरेच लोक आज्ञेच्या शेवटीं सर्व तक्रारी ‘/डेव्ह/नल’ या ठिकाणीं टाकण्याची सूचना जोडीत. हें ठिकाण म्हणजे संगणकांतील अथांग विहीर. त्यांत पडलेलें पुन्हां वर येत नाहीं. फाईंड बदललें त्या दिवसापासून काय झालें पाहा. फाईंड म्हणालें, ‘+६००० ही परवानगी मी मान्य करीत नाहीं’. पण तें वाक्यहि त्याच विहिरींत गेलें. व्यवस्थापकाच्या हातीं आली कोरी यादी. कोरी यादी म्हणजे धोक्याचा एकहि प्रोग्राम नाहीं, असें समजून जो निश्चिंत झाला, त्याचा पहारेकरी त्या रात्रीं फेरीस गेलाच नव्हता. ज्यास हें माहीत असेल कीं, निदान तो ‘पासवर्ड’ प्रोग्राम तरी यादींत आलाच पाहिजे, त्यास मात्र कोरा कागद पाहतांच संशय येईल.

आतां दुरुस्तीकडे वळूं. घाईंत सुचणारे उपाय पुष्कळ आहेत. एक असा कीं, जुनें फाईंड परत आणून बसवावें. त्यानें आपल्या संगणकावर काम भागेल. पण तोच सोर्स कोड दुसऱ्या गांवीं नव्या लिनक्सवर बांधणाऱ्याचें काय? शिवाय जुन्या आवृत्तींतील इतर दोषहि त्याबरोबर परत येतील. दुसरा उपाय, अधिक-चिन्ह खोडून उणे-चिन्ह घालावें. हा दिसावयास फार सोज्वळ आहे: आज्ञा चालते, तक्रार येत नाहीं, बांधणी पुरी होते. पण आतां प्रश्नच बदलला! ‘निदान एकास’ याच्या जागीं ‘तिघांनाहि’ असें झालें. ज्या प्रोग्रामाची परवानगी ७४४ अथवा ७५० आहे, तो यादींतून निसटला. राखणीच्या आज्ञेंत असें केलें तर ज्यावर ४००० आणि २००० या दोन्ही खुणा आहेत तेवढेच प्रोग्राम दिसतील, आणि ‘पासवर्ड’सारखा एकाच खुणेचा प्रोग्राम दिसणार नाहीं. तिसरा उपाय म्हणजे चिन्हच काढून टाकणें. त्याचें फळ काय, हें वाचकांनीं वरील माहितीवरून स्वतःच सांगावें.

योग्य दुरुस्ती दोन प्रकारची आहे. बांधणी केवळ ग्नूच्या फाईंडवरच व्हावयाची असेल, तर अधिक-चिन्हाच्या जागीं तिरकी रेघ घालावी: ‘-पर्म /१११’. एक अक्षर काढलें, एक घातलें, संपलें. परंतु ॲपलच्या मॅक संगणकावर आणि फ्रीबीएसडी प्रणालींत निराळ्या घराण्याचें फाईंड असतें. तेथें अधिक-चिन्ह चालत आलेलें आहे, आणि तिरकी रेघ तेथील फाईंडला पुष्कळ काळ ठाऊकच नव्हती. तेव्हां एकच आज्ञा सर्वत्र चालावी अशी इच्छा असल्यास दोन्ही चिन्हें सोडून, पॉसिक्स प्रमाणांत बसेल असा सविस्तर प्रश्न विचारावा:

फाईंड . -टाईप एफ \( -पर्म -१०० -ओ -पर्म -०१० -ओ -पर्म -००१ \)

येथें ‘-ओ’ म्हणजे ‘किंवा’. मालकास चालविण्याचा हक्क आहे, किंवा गटास आहे, किंवा इतरांस आहे. ‘निदान एकास’ याचाच हा फोड करून केलेला उच्चार. आज्ञा लांबते खरी, पण तिच्यांत वादग्रस्त असें एकहि चिन्ह नाहीं. कंस मात्र विसरूं नये. गणितांत गुणाकार बेरजेच्या आधीं होतो, तसें फाईंडमध्यें ‘आणि’ हें ‘किंवा’च्या आधीं जुळतें. कंस गाळले तर ‘फाईलच पाहिजे’ ही अट पहिल्या प्रश्नापुरतीच राहते, आणि पुढच्या दोन प्रश्नांच्या वाटेनें फोल्डरहि यादींत शिरतात. कंसाच्या आधींची उलटी तिरकी रेघ एवढ्याचसाठीं कीं, आज्ञा प्रथम वाचणारें ‘शेल’ नांवाचें साधन कंसाचा अर्थ स्वतःच करावयास जातें. त्यास, हा तुझ्यासाठीं नव्हे, असें सांगावें लागतें.

एका ठिकाणीं दुरुस्ती करून थांबूं नये. जुनी आज्ञा बहुधा एकाच जागीं नसते. एकाचें पाहून दुसऱ्यानें उतरून घेतलेली असते. ‘ग्रेप’ नांवाच्या शोधक साधनानें सर्व सोर्स कोडमध्यें ‘-पर्म’ हा शब्द कोठें कोठें आला आहे तें काढावें:

ग्रेप -आर -एन -- '-पर्म' .

मधल्या दोन आडव्या रेघांचें प्रयोजन गमतीचें आहे. त्या नसत्या तर ‘-पर्म’ ही आपल्यालाच दिलेली सूचना आहे, असें ग्रेपला वाटलें असतें. सूचना येथें संपल्या, असें त्या दोन रेघा त्यास बजावतात. आलेल्या प्रत्येक ओळीवरून डोळा फिरवावा. नुसतें ‘+१११’ शोधून भागत नाहीं, कारण कोणीं ‘+०१११’ लिहिलेलें असतें, कोणीं ‘+ए+एक्स’, तर कोणीं चिन्ह अवतरणांत घातलेलें असतें. सोर्स कोड दुसऱ्याचा असेल, तर आपल्या प्रतींत केलेली दुरुस्ती ‘पॅच’च्या रूपानें मूळ कर्त्याकडे धाडावी. नाहींतर पुढल्या आवृत्तीच्या वेळीं तेंच काम आपल्याच गळ्यांत पुन्हां पडतें.

यानंतर दुरुस्ती खरी उतरली कीं नाहीं हें पाहावयाचें. बांधणी मोडली नाहीं, एवढ्यावर समाधान मानणें बरोबर नाहीं. उणे-चिन्हाच्या उपायांतहि बांधणी मोडत नव्हती. ज्यांच्या घरीं अथवा शाळेच्या संगणककक्षांत लिनक्स आहे, त्यांनीं पुढील प्रयोग अवश्य करावा. एक नवें फोल्डर घ्यावें. त्यांत ‘टच’ या आज्ञेनें चार रिकाम्या फाईली कराव्या, आणि ‘सीएचमॉड’ या आज्ञेनें त्यांच्या परवानग्या अनुक्रमें ७५५, ७४४, ६४४ व १११ अशा ठेवाव्या. एक उपफोल्डरहि करून ठेवावें. मग निरनिराळे प्रश्न विचारावे. ‘-टाईप एफ -पर्म /१११’ यास तीन फाईली सांपडल्या पाहिजेत. ६४४ तेवढी वगळली जाईल. कंसांच्या लांब आज्ञेसहि त्याच तीन. ‘-पर्म -१११’ यास त्यांतील दोनच, कारण ७४४ निसटते. नुसत्या ‘-पर्म १११’ यास एक. कंस गाळून पाहिल्यास ते उपफोल्डर, आणि ज्यांत उभे आहों तें टिंबाचें फोल्डरहि, यादींत डोकावेल. प्रत्येक वेळीं उत्तर काय यावें हें आधीं कागदावर लिहून मग आज्ञा द्यावी. पांच मिनिटांत होणारा हा प्रयोग ज्यांनीं केला असता, त्यांच्यापैकीं कोणींहि अधिकाच्या जागीं उणे घातलें नसतें.

साधन बदलतें तें नेहमीं आज्ञेंतील चिन्हच बदलतें असें नाहीं. कधीं आज्ञा तीच, चिन्हें तींच, पण न सांगितलेल्या गोष्टींबद्दल साधन मनांत जें गृहीत धरतें तें बदलतें. लिनक्सवर डिस्क वापरण्याजोगी करण्यासाठीं, म्हणजे तिच्यावर फाईलींची मांडणी आंखण्यासाठीं, ‘एमकेई-टू-एफएस’ नांवाचें साधन आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें निघालेल्या त्याच्या १.४७.० या आवृत्तीनें ‘मेटाडेटा-सीसम-सीड’ व ‘ऑर्फन-फाईल’ या दोन सोई, कोणीं न मागतां, नव्या मांडणींत घालण्यास आरंभ केला. सोई चांगल्याच होत्या. पण संगणक सुरू होतांना लिनक्सला जागें करणाऱ्या ‘ग्रब’ या साधनाच्या २.०६ या आवृत्तीस पहिली सोय समजत नव्हती, व ती मांडणी ‘अनोळखी’ म्हणून तें नाकारी. दुसऱ्या सोईमुळें डिस्क तपासणाऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्या, नवी आवृत्ति आणा, असें सांगून थांबत. ज्या बांधणींत नव्या संगणकावर जुन्या लिनक्सची सबंध डिस्क तयार करावयाची असे, तेथें मांडणी करणारें साधन शून्य ठेवून निघून जाई, आणि बिघाड प्रकट होई तो पुढच्या पायरीवर अथवा थेट संगणक सुरू करतांना. डेबियन या लिनक्सच्या मंडळींनीं २०२३ च्या आपल्या १२ व्या आवृत्तींत या दोन्ही सोई आरंभीं बंद ठेवणें पसंत केलें. इतरांस उपाय हा कीं, आज्ञेंतच ‘-ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड,^ऑर्फन_फाईल’ असें लिहावें. येथील ‘ओ’ रोमनमधला मोठा, आणि टोपीसारखें जें चिन्ह दिसतें त्याचा अर्थ ‘नको’. जुनी मांडणी जेथें हवी आहे, अशा प्रत्येक बांधणीच्या यादींत ही ओळ घालून ठेवितात, व शेजारीं एका वाक्यांत कारण लिहितात. म्हणजे ग्रब नवें आल्यावर ती ओळ काढावयास हरकत नाहीं, हें पुढच्या माणसास कळतें.